शारदाने कूलरकडे बघितलं नाही

अन्याय शारदा वानखडेवर झाला. गेल्या डिसेंबरात, गॅदरिंगच्या आदल्या शनिवारी, सकाळी पावणेअकराला. जागा : कोथरूडमधल्या एका शाळेचा हॉल. तिचा एकटीचा नाच तिच्याकडून काढून घेतला आणि तिला मागच्या रांगेत, भिंतीकडून पहिली, उभं केलं. कारण दिलं ते असं, की तिने लुक दिला नाही.

पत्रक असंच सुरू करायचं असतं. कोणावर, कधी, कुठे, काय. कॉलेजात संघटनेत होते तेव्हा हे घोटून घेतलं माझ्याकडून. पत्रक एका पानाचं हवं आणि मागची बाजू कोरी, कारण मागची बाजू कोणी वाचत नाही. हे मात्र एका पानात बसणार नाही. पुण्यातल्या आपल्या सावळीकर मंडळाच्या संपादकांनी 'गाव सोडल्याच्या आठवणी' मागितल्या आहेत, म्हणजे थोडं गोड आणि शेवटी थोडं डोळ्यांत पाणी. माझ्याकडे आहे ते देते. हा अंक इथल्या घरांतही जातो आणि सावळीतही घरोघरी जातो, एवढ्यासाठी लिहायला बसले. नाहीतर खरं सांगते, कंटाळा आलाय लिहिण्याचा.

शारदा आणि मी एकाच बसने निघालो होतो. सावळीच्या स्टँडवरून सकाळची वर्धा गाडी, वर्ध्याहून पुढे रेल्वे. मी पदवीला चालले होते, ती कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला. आमच्या दोघींच्या घरचे आले होते. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे : जाणाऱ्याच्या पाठीकडे बघत राहायचं नाही, गाडी हलायच्या आधी आपण वळायचं. बाहेरच्या कोणाला हे सांगितलं की त्यांना वाटतं, काय दगडाची माणसं आहेत. कंडक्टरने बेल दिली तशी सगळी मंडळी एकदम वळली. खिडकीतून नुसत्या पाठी दिसत होत्या. शारदाच्या आईने वळताना हात अर्धा वर केलेला तसाच ठेवला, खाली घ्यायचं राहूनच गेलं. माझी आई वळली खरी, पण वळून उभी राहिली ती थेट न्हाव्याच्या टपरीसमोर आणि त्याच्या आरशातून बस बघत राहिली. नियमही पाळला आणि मलाही बघितलं. माझ्या स्वभावात काही चलाखी असेल तर ती तिच्याकडून आली आहे.

शारदाच्या बाबांनी, म्हणजे जिनिंगमध्ये कारकून असलेल्या वानखडे काकांनी, बस सुटण्याआधी एवढंच सांगितलं होतं, "फोन आठवड्यातून एकदाच करजो. रोज केला का काळजी वाटते."

कर्वेनगरात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर खासगी हॉस्टेल होतं, तिथे आम्ही राहिलो. पहिल्याच आठवड्यात मी कोणाला तरी "काय करून राहिली" असं विचारलं आणि सगळ्या खोलीने ते महिनाभर पुरवून पुरवून वापरलं. मग आम्ही दोघींनी बोली गुंडाळून ठेवली. 'मले-तुले' बॅगेच्या तळाशी. आता मी आईला फोनवर "अगं ऐक ना" म्हणते. एकदा ती म्हणाली, "तू पुण्याची झाली वं." तक्रार नव्हती ती. बातमी वाचावी तशी म्हणाली.

पुढे नोकऱ्या लागल्या. त्या वर्षांत लागायच्याच. कंपनीची बस कर्वे पुतळ्यापाशी यायची आणि दोघींना हिंजवडीला घेऊन जायची. मी सॉफ्टवेअर कसं वापरायचं त्याची पुस्तकं लिहायची, जी कोणी उघडत नाही. मला पत्रकांमुळे त्याची सवय होती. शारदा टेस्टिंगला. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम घेऊन बसायचं आणि विचारत राहायचं, हे इथे का आहे? हे बटण दाबलं तर काय होतं? नाही दाबलं तर? तिला ते काम आवडायचं. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे असं माझं मत आहे. तिला विचारलं तर ती नाही म्हणेल.

बॅलेच्या क्लासला आम्ही दोघी एकत्र गेलो. कोथरूडच्या त्या शाळेत शनिवार-रविवार क्लास चालायचा आणि फाटकावर गुलाबी झग्यातल्या परदेशी मुलीचं पोस्टर होतं. मी कारण विचाराल तर पोस्टरवर राग म्हणून गेले : आपल्याकडे काय नाचांचा दुष्काळ पडलाय का, हे विचारायला. एका टर्ममध्ये माझे पाय लाकडाचे आहेत हे सर्वानुमते ठरलं आणि मी सीडी लावणारी झाले. शारदा राहिली. बाविसाव्या वर्षी बॅले सुरू करणं म्हणजे चाळिशीत मुंज करण्यासारखं. बाकी मुली तिच्या खांद्याला लागायच्या. भिंतीला धरायची दांडी नव्हती म्हणून सगळ्या खिडकीच्या गजांना धरून गुडघे वाकवायच्या आणि सरळ व्हायच्या, वाकवायच्या आणि सरळ व्हायच्या. वर्षभर तिने दुसरं काही केलं असेल तर मला आठवत नाही. खाली फरशी, घट्ट आणि गार. उड्या सुरू झाल्या तशा तिच्या नडग्या दुखायला लागल्या. हॉस्टेलवर बर्फ नव्हता, म्हणून ती दुधाच्या गारेगार पिशव्या पायांना लावून बसायची आणि मग त्याच दुधाचा चहा व्हायचा.

मॅडमविषयी लिहायला हवं आणि नीट लिहायला हवं. नाव घालत नाही. त्या तरुणपणी कॅम्पातल्या एका परदेशी बाईंकडे थोडंफार शिकल्या. बाई मायदेशी परतल्या. मॅडमनी मग व्हिडिओ कॅसेटी मिळवल्या, नंतर सीड्या, आणि टीव्हीसमोर उभं राहून, थांबव, मागे ने, पुन्हा लाव, असं करत एकटीने उरलेलं सगळं उचललं. घरच्यांनी वेड्यात काढलं, तरी क्लास काढला. हे मी त्यांना देते. पुण्यात दुसरं कोणी नव्हतं.

पण असं शिकलं की जे दिसेल ते सगळंच उचललं जातं. गॅदरिंगला दर वर्षी एक सोलो असायचा, सगळ्यात मोठ्या मुलीला मिळायचा. एक मुलगी एकटी येते, चालते, थांबते, हात उचलते, गिरक्या घेते, जाते. पाच मिनिटांच्या आतला मामला. त्याच्या मधोमध, संगीत हळू होतं तिथे, सीडीवरची नर्तिका एकदम डावीकडे खालच्या कोपऱ्यात बघते, हनुवटी उचलते आणि हसते. मॅडम त्याला 'लुक' म्हणायच्या. लुक हा आमच्या क्लासमधला अभिनय होता. सगळा अभिनय तेवढाच. त्याची वेगळी तालीम व्हायची, आयांना तो घरी करून घ्यायला सांगितलेला असायचा. आता आमच्या हॉलमध्ये त्या कोपऱ्यात पाण्याचा कूलर होता. म्हणजे कित्येक वर्षं कोथरूड-कर्वेनगरातल्या चांगल्या घरच्या मुली ओळीने येऊन त्या कूलरकडे बघून मोहक हसत होत्या, आणि कोणालाही, मलासुद्धा, त्यात काही वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी सोलो शारदाला मिळाला. मंदी आली होती, तिचं प्रोजेक्ट गेलं आणि कंपनीने तिला बेंचवर ठेवलं. काम नाही, पण यायचं आणि बसायचं. काकांना फोनवर हे समजावताना तिची दमछाक झाली. "बेंचवर म्हंजे उभं केलं का? काहून? काय केलं तू?" ते विचारत होते. काही केलं नव्हतं. वेळ मात्र मिळाला, आणि तो सगळा तिने त्या सोलोत घातला.

तिने सुरुवात कुठून केली, तर मॅडमना विचारण्यापासून. ही मुलगी कोण आहे?

"सोलो आहे ती," मॅडम म्हणाल्या.

"हो, पण तिला माहीत आहे का, आपण तिला बघतोय ते? माहीत असेल तर ती वेगळी चालेल."

"लोकांनी तिकिटं काढलीत म्हटल्यावर माहीत असणारच की."

सगळ्या हसल्या. शारदाही हसली. पण प्रश्न तिने सोडला नाही. ती हॉस्टेलच्या बोळात नुसतं चालायची, न्हाणीघरापासून पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरपर्यंत. माहीत असलेलं चालणं, माहीत नसलेलं चालणं. मुली म्हणायच्या, शारदाचा बाथरूमला प्रवेश सुरू झाला, सरका. मी कॉटवर बसून बघायचे. आधी मला फरक कळत नव्हता. मग एके दिवशी कळायला लागला आणि नंतर तो न कळणं जमेना. हात वर जायचा तेव्हा आधी श्वास जायचा, मग कोपर, बोटं सगळ्यात शेवटी, जणू बोटांना बातमी उशिरा कळली. क्लासमधल्या मुलींचे हात एकदम वर जायचे, सिग्नलचे दांडे जातात तसे. चूक काहीच नसायचं त्यात. बघण्यासारखंही नसायचं.

लुकपाशी मात्र ती अडली. ती तिकडे का बघते? टेस्टरच ती. लॉ कॉलेज रोडवरच्या एका माणसाकडे परदेशी नाचगाण्यांच्या सीड्या भाड्याने मिळायच्या. तिथून तिने त्याच नाचाची दुसऱ्या नर्तिकेची सीडी आणली. त्यात लुक नव्हता. ती बाई तिथे कुठेच बघत नव्हती. मग शारदाने मॅडमची सीडी हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवर लावून आवाज मोठा केला, चित्र झाकलं आणि नुसतं ऐकलं. लुकच्या जरा आधी व्हायोलिनं मागे पडतात. त्या बाईला गिरकी घ्यायची आहे आणि सूर येत नाहीये. ती खाली बसलेल्या वाद्यवृंदाच्या प्रमुखाकडे बघते, 'अहो, चला' म्हणून. हनुवटीने खूण करते. तो सावरतो, आणि ती हसते. कॅमेरा बाजूला लावलेला, म्हणून आपल्याला वाटतं ती कोपऱ्यात बघते.

एका संध्याकाळी एका बाईने वाजवणाऱ्याला केलेली खूण. आम्ही तिची परंपरा केली होती.

शारदाने तो काढून टाकला. त्या जागी ती थांबायची. हात अर्धा वर, मान किंचित वळलेली, आणि काहीच नाही. संगीत येईपर्यंत काहीच नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तिला म्हटलं, अगं, ही तुझी आई, स्टँडवरची. ती म्हणाली, "नाही गं. तिथे माझा श्वास संपतो. बाकीचं तू पत्रकात लिही."

एवढ्यात कंपनीने तिला बेंचवरूनही उठवलं. राजीनामा लिहून घेतला. तिने काकांना फोन करून सगळं सांगितलं आणि एक वर्ष मागितलं : एक वर्ष नोकरी शोधणार नाही, नाचणार. फोन स्पीकरवर होता म्हणून काकांचं उत्तर मी ऐकलं. ते म्हणाले, "मी येतो. पाहतो. पाहण्यासारखं असलं तर वर्ष घे. नसलं तर लग्नाचं पाहू, अन् तू मंग हो म्हणजो." ती हो म्हणाली. मी शेजारी बसून खुणा करत होते, की असा सौदा करू नकोस, तुझ्या आयुष्याचा निकाल एका गॅदरिंगवर लावतात का? तिने माझ्याकडे पाठ केली.

म्हणून तो शनिवार. रंगीत तालीम होती, पालक खुर्च्यांवर बसले होते. शारदा आली, तिला चालताना बघून खुर्च्यांमधली कुजबुज थांबली, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. ती थांबायच्या जागेशी आली आणि थांबली. मॅडमनी हात वर केला. मी सीडी बंद केली.

"शारदा, लुक राहिला."

"राहिला नाही मॅडम. मी काढलाय." आणि तिने सांगितलं. अगदी हळू, आदराने, दोन्ही सीड्यांसकट. मॅडमना ते एकटीला सांगायला हवं होतं, असं नंतर पुष्कळांनी मला ऐकवलं. तिने आठवडाभर तसा प्रयत्न केला होता. मॅडमना गॅदरिंगच्या गडबडीत वेळ नव्हता.

मग एक आई म्हणाली, "म्हणजे आमची रिया दोन वर्षं कोणाकडे बघून हसतेय?"

"कूलरकडे," कोणाचे तरी आजोबा म्हणाले.

तिथे सगळे हसले. मॅडमचा चेहरा मी बघितला. शारदाचं म्हणणं त्यांना पटलं होतं, एका क्षणात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हसू मात्र त्यांना सोसलं नाही. आजोबांना वाटलं असावं की आता आपण तोल सांभाळला पाहिजे. ते शारदाकडे वळले.

"आपण रशियातून आलात का?"

"नाही. सावळीतून."

"कुठे आलं हे?"

"वर्ध्याच्या पुढे."

"अस्सं. रशिया तिकडूनच जवळ पडत असेल."

पुन्हा हशा. या वेळी मॅडमसुद्धा हसल्या, आणि त्या हसण्याच्या आधारावर त्या सरळ झाल्या. म्हणाल्या, "ईशा, सोलो तू करशील. लुकसकट. शारदा, तू ग्रुपमध्ये, मागे." शारदा "हो मॅडम" म्हणाली आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

मी त्या दुपारी कर्वेनगरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून पत्रक लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. सावळीचा अपमान, कलेतली मक्तेदारी, बाहेरगावच्या मुलींना पुण्यात मिळणारी वागणूक, सगळं होतं. शारदाला दाखवलं. तिने दोनदा वाचलं.

"यात नाच कुठाय?"

"अन्याय आहे ना."

"ते दिसतंय. नाच कुठाय?"

मी तरी पत्रकं वाटली, रविवारी गॅदरिंगला, फाटकाशी. लोकांनी घेतली. मध्यंतरात बटाटेवड्याला कागद कमी पडले तेव्हा ती कामाला आली. आपला मजकूर तेलात पारदर्शक होताना बघण्याचा अनुभव प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा घ्यावा.

काका-काकू सकाळच्या गाडीने आले होते, डब्यात सांडगे आणि शेवया घेऊन. दोघं तिसऱ्या रांगेत बसले. ईशाने सोलो केला. ईशा चौदा वर्षांची, गुणी पोर, तिच्यावर माझा राग नाही. तिने लुक दिला, टाळ्या पडल्या. मग ग्रुपचा नाच झाला. शारदा सगळ्यांत उंच म्हणून मागे ठेवली ते एका परीने बरोबरच दिसत होतं, आणि तिच्यापुढे ढगाचा कापडी पडदा होता. काकू वाकून वाकून बघत होत्या.

बाहेर आल्यावर काका तिला म्हणाले, "तू मांगं होती. मांगचं दिसत नाही मले. माझं काही ठरलं नाही." शारदाने कारण सांगितलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं आणि तिने माझ्या पायावर पाय दिला. बॅले करणाऱ्या मुलीने पायावर पाय दिला तर तो लक्षात राहतो.

सोमवारी दुपारी त्यांची गाडी होती. सकाळी शारदाने त्यांना हॉस्टेलच्या गच्चीवर नेलं. मालकीणबाईंकडून वायर घेऊन मी सीडी प्लेयर लावला. काका पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसले, टोपी मांडीवर. काकू उभ्याच. समोर दोऱ्यांवर कपडे वाळत होते, शेजारच्या सोसायटीत कोणीतरी गाडी धूत होतं. शारदा जिन्याच्या दारातून आली.

मी हा नाच शेकडो वेळा बघितला असेन. त्या सकाळी मला तो नवीन होता. ती चालत आली, आणि आम्ही तिथे आहोत हे तिला माहीत होतं आणि तरी ती एकटी होती. हे दोन्ही एकदम कसं करतात ते मला सांगता येणार नाही. तिलाही येत नाही, म्हणून तर ती नाचते. थांबायच्या जागेवर ती थांबली. गाडी धुणाऱ्याचा पाण्याचा आवाज तेवढा येत होता. मग व्हायोलिनं आली, ती वळली, गिरक्या घेतल्या, आणि दारातून निघून गेली.

ती परत आली तेव्हा काकू पुढे झाल्या. "पाय पाहू," म्हणाल्या. चिकटपट्ट्यांवर रक्त आलं होतं. त्या खाली बसून पट्ट्या सोडवायला लागल्या.

काकांनी विचारलं, "मधात थांबली, तेव्हा कोणाची वाट पाहून राहिली होती?"

"अजून सापडलं नाही, बाबा."

"मंग शोध," ते म्हणाले. "घे वर्ष." थोड्या वेळाने त्यांनी एवढंच जोडलं, की इथे पगार नाही, हॉस्टेलचं भाडं आहे आणि ज्या बाईंनी मागे उभं केलं त्या काही पुढे आणणार नाहीत. वर्ष दिलं, पण सावळीत. यावर माझ्याकडे पत्रक नव्हतं. त्यांचं बरोबर होतं.

शारदा महिनाभरात परत गेली. मी शिवाजीनगरच्या स्टँडवर पोचवायला गेले, आणि गाडी हलायच्या आधी वळले. आता हॉस्टेलच्या बोळात कोणी नुसतं चालत नाही. पुण्यात मी राहीन. माझी नोकरी टिकली, इथे भांडायला विषय पुष्कळ आहेत आणि सकाळी कंपनीच्या बसमध्ये झोप चांगली लागते. लोक विचारतात, घरची आठवण येते का? येते. पण आठवणीचं मला आता फारसं कौतुक राहिलेलं नाही. चुलीवरची भाकरी, चिंचेचं झाड, नदीचा घाट, हे सगळं या अंकात इतरांनी लिहिलेलं असेलच. मी एकच बघते : गेलेली मुलगी परत आली तर तिला उभं राहायला जागा आहे का? असेल तर ते घर. नसेल तर ते नुसतं जन्मगाव, फॉर्मवर लिहायला.

शारदाला जागा नाही. मुंबईच्या, बॅले शिकवणाऱ्या एका वयस्कर बाईंनी तिचा नाच बघितला आणि दोन महिन्यांतून एकदा शिकवायचं कबूल केलं. रोजचा सराव तिने सावळीतच करायचा आहे. ती तो घरामागच्या सिमेंटच्या ओट्यावर करते. बाईंनी तिला बजावलंय, की सिमेंटवर उड्या मारत राहिलीस तर वर्ष संपायच्या आधी तुझे पाय संपतील. खाली लाकूड हवं, जे पाय टेकला की जरासं दबतं.

आणि लाकूड आहे. आपल्या नगर वाचनालयाचा वरचा मजला, सगळा सागवानी. कोथरूडला नाही, कर्वेनगरला नाही, मी शोधलंय, आपल्याकडे आहे. त्याला कुलूप आहे आणि आत मंगल कार्यालयवाल्यांच्या प्लास्टिकच्या खुर्च्या छतापर्यंत रचून ठेवल्या आहेत. शारदाने अर्ज केला. काका विश्वस्तांना जाऊन भेटले. उत्तर आलं की वास्तू वाचनासाठी आहे, नाचासाठी देता येत नाही. खुर्च्या काय वाचतात, हे उत्तरात नव्हतं.

विश्वस्तांपैकी निम्मे हा अंक वाचतात. उरलेल्यांची मुलं-सुना पुण्यात आहेत आणि मंडळाच्या कोजागरीला येतात. म्हणून कोणाला उद्देशून लिहितेय ते सरळ सांगते : तुम्हाला. पुण्यात असाल तर आज घरी फोन करा आणि वडिलांना विचारा, किल्ली का देत नाही? सावळीत असाल तर रविवारी सकाळी वाचनालयापाशी या आणि त्या खुर्च्या खाली उतरवायला हात लावा. शारदाचं कौतुक करू नका, सत्कार तर मुळीच नको, नारळ तुमच्याकडेच ठेवा. तिच्या वर्षातले महिने चाललेत. किल्ली द्या.